१८ टीबीची डिस्क फॉरमॅट होत नाही, व्हॉल्यूम १६ च्या पुढे सरकत नाही: नेमकं अडतंय कुठे?

मागच्या लग्नसराईत रात्री अकराला फोन आला. लग्नाचे व्हिडिओ करणारा स्टुडिओ, ओळखीचा मुलगा. "दादा, डिस्क अठराची आणलीय, पण आमचा स्टोरेज बॉक्स घेईना झालाय. डिस्कच खराब निघाली वाटतं. उद्या परत करू का दुकानदाराला?"

म्हटलं, परत करू नकोस, आधी स्क्रीनवर काय आलंय त्याचा फोटो पाठव. फोटो आला. एमकेई२एफएस, म्हणजे लिनक्सचा फॉरमॅट करणारा प्रोग्रॅम, सांगत होता की डिव्हाइसचा आकार इतके इतके ब्लॉक आहे आणि ४०९६ चा ब्लॉक धरला तर हा आकडा ३२ बिटांत मावत नाही. डिस्क ठणठणीत होती.

हा फोन मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतोच. माणसं वेगळी, डब्बे वेगळे, कधी लिनक्स तर कधी विंडोज, पण दुखणं तेच. म्हणून एकदा सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

आधी गुणाकार

फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर कुठली फाइल कुठे आहे याचा हिशेब ठेवणारी व्यवस्था, डिस्कचे सारखे तुकडे (ब्लॉक) पाडते आणि प्रत्येक तुकड्याला नंबर देते. नंबर लिहायला जितकी घरं ठेवली असतील तितकेच तुकडे मोजता येतात. ३२ बिटांच्या घरात २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ नंबर बसतात. त्याला तुकड्याच्या आकाराने गुणा, की तुमची मर्यादा मिळाली. तुकडा ५१२ बाइटचा असेल तर २ टेबिबाइट, ४०९६ बाइटचा असेल तर १६ टेबिबाइट आणि ६४ केबीचा असेल तर २५६ टेबिबाइट.

म्हणून मी कुणालाही पहिला प्रश्न विचारतो तो एकच: नेमकी कितीला अडली? त्या आकड्यावरून चोर बहुतेक वेळा घरबसल्या ओळखता येतो. दोनला अडली तर सेक्टर मोजणारं कुणीतरी जुनं आहे. सोळाला अडली तर ब्लॉक मोजणारं.

इथे टेबिबाइट मुद्दाम लिहितोय. दुकानातला टीबी हजाराच्या पटीतला असतो, कॉम्प्युटरचा टेबिबाइट १०२४ च्या पटीतला. एरवी हा फरक कुणी मनावर घेत नाही, पण या प्रकरणात सगळी गंमत तिथेच आहे. १६ टीबीची डिस्क म्हणजे साधारण १४.५५ टेबिबाइट, सोळाच्या भिंतीच्या अलीकडे. १८ टीबीची म्हणजे १६.३७ टेबिबाइट, भिंतीच्या जरा पलीकडे. त्या स्टुडिओत वर्षभर १६ ची डिस्क बिनतक्रार चालली होती आणि १८ ची लावताच बॉक्स अडला, याचं कारण हेच. हिशेबच मांडून दाखवतो. डिस्कचा आकार १८,०००,२०७,९३७,५३६ बाइट. भागिले ४०९६, म्हणजे ४,३९,४५,८२,०१६ ब्लॉक. नंबर आहेत ४,२९,४९,६७,२९६. जवळजवळ दहा कोटी ब्लॉकना नंबरच उरला नाही. जागेच्या हिशेबात हे फक्त ४०८ जीबी होतात, पण तेवढ्यासाठी अख्खी डिस्क फॉरमॅट व्हायची थांबते.

आकार बाइटमध्ये बघायचा असेल तर एलएसबीएलके या कमांडला डॅश बी जोडा. गोल केलेल्या आकड्यांवर हा हिशेब करू नका, फसाल.

सोळाची भिंत: तीन वेगळे चोर

पहिला चोर म्हणजे जुनी अवजारं. लिनक्सच्या जुन्या ईएक्सटी३ फाइलसिस्टिममध्ये ब्लॉकचा नंबर ३२ बिटांचाच होता. ईएक्सटी४ ने तो ४८ बिटांचा केला, त्यामुळे ४ केबीच्या ब्लॉकवर मर्यादा थेट १ एक्झबिबाइटवर गेली. ईएक्सटी४ कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) पक्की झाली डिसेंबर २००८ मध्ये, २.६.२८ सोबत. पण फॉरमॅट करणारी, तपासणारी आणि वाढवणारी हत्यारं ई२एफएसप्रॉग्ज नावाच्या वेगळ्या संचात असतात, आणि त्यांना १६ च्या पुढे जायला नोव्हेंबर २०११ ची १.४२ आवृत्ती यावी लागली. म्हणजे तीन वर्षं घर बांधून तयार होतं, पण आत जायला दार नव्हतं. जुन्या नॅस बॉक्समध्ये (नेटवर्कवरून वापरायच्या डिस्कच्या डब्यात), जुन्या रेस्क्यू सीडीत, कुणीतरी २०१० साली बसवलेल्या सर्व्हरवर अजूनही तीच हत्यारं असतात. एमकेई२एफएसला कॅपिटल व्ही देऊन आवृत्ती बघा. १.४२ च्या आधीची असेल तर पुढे डोकं चालवू नका, आधी ती बदला.

दुसरा चोर जास्त छुपा आहे आणि मला वैयक्तिक सगळ्यात जास्त छळलंय ते यानेच. फाइलसिस्टिम ईएक्सटी४ आहे, हत्यारं नवी आहेत, पण ती जन्माला आली तेव्हा लहान होती. एका ओळखीच्या छापखान्यात असं झालं. सर्व्हर २०१४ सालचा. तेव्हा रेडवर (अनेक डिस्क जोडून केलेल्या गटावर) सगळी मिळून १२ टीबी होती. मग दर दोन वर्षांनी डिस्क बदलत, एलव्हीएममध्ये (जागा नंतर वाढवता येईल अशी जोडणारी लिनक्सची सोय) जागा वाढवत गेले. शेवटी लॉजिकल व्हॉल्यूम २४ टीबीचा झाला आणि फाइलसिस्टिम वाढवणारा रिसाइझ२एफएस म्हणाला, नवा आकार ३२ बिटांत मावत नाही. तिथला माणूस चक्रावला, कारण शेजारच्याच सर्व्हरवर २० टीबीची ईएक्सटी४ सुखाने चालू होती.

उत्तर '६४बिट' नावाच्या एका खुणेत आहे. ती फाइलसिस्टिमच्या अंगावर असेल तरच ब्लॉकचे नंबर लांब लिहिले जातात. १.४२ च्या काळात सुरुवातीलाच १६ च्या वरची डिस्क दिली तर ही खूण बऱ्याच ठिकाणी आपोआप लागायची, लहान डिस्कला लागायची नाही. सगळ्यांनाच सरसकट लागायला लागली ती १.४३ पासून, म्हणजे २०१६ पासून. त्यामुळे २०१६ पूर्वी लहानपणी फॉरमॅट झालेली आणि नंतर वाढत गेलेली प्रत्येक ईएक्सटी४ संशयित धरा.

तपासायला डम्पई२एफएसला डॅश एच द्या. जी यादी येते त्यात 'फीचर्स' अशी ओळ असते. तिच्यात ६४बिट दिसलं तर हा चोर नाही, पुढे जा. दिसलं नाही तर पकडला.

इलाज आहे, पण चालू गाडीत होत नाही. आधी बॅकअप. हे रिवाज म्हणून सांगत नाही. या कामात प्रत्येक ब्लॉक ग्रुपची नोंद ३२ बाइटची ६४ बाइटची होते, टेबलं फुगतात, त्यांना जागा करायला बाकी सामान हलवावं लागतं. मध्येच लाइट गेली तर काय होईल याचा विचार करा आणि यूपीएसची बॅटरीही एकदा बघून घ्या. मग फाइलसिस्टिम अनमाउंट करा, ई२एफएससीके डॅश एफ देऊन पूर्ण तपासा, ती स्वच्छ निघाली की रिसाइझ२एफएसला डॅश बी देऊन चालवा. डॅश बी म्हणजे ६४ बिटांत बदल. हा पर्याय १.४३ किंवा त्यानंतरच्याच आवृत्तीत सापडेल. ते संपलं की पुन्हा एकदा तपासणी, आणि त्यानंतर साधा रिसाइझ२एफएस, कुठलाही आकार न देता. तो उरलेली सगळी जागा घेतो.

छापखान्यात आम्ही हे केलं का? नाही. बॅकअप घ्यायला तेवढीच जागा लागणार होती, आणि ती जागा आली तर मग नवी फाइलसिस्टिम करून डेटा परत आणणंच जास्त सरळ होतं. नाहीतरी कॉपीला वेळ लागणारच. सेकंदाला २०० एमबी धरले तरी १८ टीबीला २५ तास जातात. शनिवारी संध्याकाळी सुरू केलं, रविवारची रात्र गेली, सोमवारी सकाळी कामगार यायच्या आधी माउंट होतं. आता डॅश बी मुकाट्याने वापरायचा की नवी करायची, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला विचाराल तर दुसरी जागा उपलब्ध असेल तर नवी करा.

तिसरा चोर म्हणजे खुद्द मशीन. स्टुडिओच्या फोनकडे परत येतो. मला वाटलं बॉक्समधली हत्यारं जुनी आहेत, एवढंच. डिस्क घरी आणली, लॅपटॉपला लावली, ईएक्सटी४ केली, एका मिनिटात झाली. मिशीवर ताव देत दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेलो, बॉक्समध्ये सरकवली, आणि माउंट करताना कर्नलच्या लॉगमध्ये ओळ आली: या सिस्टिमवर सुरक्षितपणे माउंट करता येणार नाही इतकी ही फाइलसिस्टिम मोठी आहे.

मशीनचा प्रकार सांगणारं यूनेम डॅश एम दिलं तर उत्तर एआरएमव्ही७एल. ३२ बिटांचा प्रोसेसर. लिनक्स डिस्कवरचा डेटा मेमरीत ठेवतो तो पानापानाने, पान ४ केबीचं, आणि ३२ बिटांच्या कर्नलमध्ये पानाचा नंबरही ३२ बिटांचा. परत तोच गुणाकार, परत १६ टेबिबाइट. फाइलसिस्टिम कितीही आधुनिक करा, या डब्यात तिच्या पलीकडचं पान उघडायला बोटच नाही. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम करून बघितली तरी तेच उत्तर मिळतं, आम्ही बघितली. यावर सॉफ्टवेअरचा इलाज शोधत बसू नका. बॉक्सला १६ टीबीच्या डिस्कवर समाधान माना, नाहीतर ६४ बिटांचं मशीन घ्या. त्यांच्याकडे अडगळीत एक जुना डेस्कटॉप पडला होता, त्याचा प्रोसेसर ६४ बिटांचा निघाला. त्यालाच सर्व्हर केला.

विंडोजवाल्यांचाही सोळाचा एक चोर आहे. त्यांच्या एनटीएफएस फाइलसिस्टिममध्ये क्लस्टरचे, म्हणजे तिच्या तुकड्यांचे, नंबर ३२ बिटांपर्यंतच वापरले जातात, आणि नेहमीचा क्लस्टर ४ केबीचा. त्यामुळे आधी १० टीबीचा व्हॉल्यूम, मग वाढवत वाढवत १६ च्या दाराशी गेलात की क्लस्टरची संख्या मर्यादेबाहेर जाईल असं सांगून विंडोज थांबतो. क्लस्टरचा आकार विंडोजच्या स्वतःच्या हत्यारांनी नंतर बदलता येत नाही. पुन्हा फॉरमॅटच. व्हॉल्यूम पुढे वाढणार हे माहीत असेल तर पहिल्याच दिवशी ६४ केबीचा क्लस्टर घ्या, २५६ टेबिबाइटपर्यंत चिंता नाही. विंडोज १० च्या १७०९ आणि सर्व्हर २०१९ पासून २ एमबीपर्यंतचे क्लस्टर चालतात, पण ते जुन्या विंडोजला वाचता येत नाहीत. व्हिडिओच्या मोठ्या फाइली असतील तर ६४ केबीत काही वाया जात नाही. छोट्या छोट्या फाइली असतील तर प्रत्येकीची शेपटी वाया जाते, तेवढं लक्षात ठेवा.

दोनची भिंत

ही आता जुनी झाली, पण मेलेली नाही. एमबीआर पद्धतीचं पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) सेक्टरचा नंबर ३२ बिटांत लिहितं, सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून २ टेबिबाइट. पार्टेड या कमांडमध्ये टेबलाचा प्रकार 'एमएसडॉस' दिसला तर तो एमबीआर. जीपीटी हे नव्या पद्धतीचं टेबल करा, विषय संपला. टेबल बदलताना डेटा जाऊ शकतो हे वेगळं सांगायला नको.

गंमत यूएसबीच्या जुन्या डब्यांची. ३ टीबीची डिस्क घातली आणि विंडोजमध्ये ७४६ जीबी दिसली, असं कुणी सांगितलं तर डिस्क न बघता कारण सांगा: डब्यातली चिप ३२ बिटांपर्यंतच मोजते. तीनमधून २ टेबिबाइट गेले, उरले ते ७४६. मोजणी शून्यावर येऊन पुन्हा सुरू होते, स्कूटरच्या जुन्या मीटरसारखी. अशा डब्यावर लिहू नका. शेवटचं लिहायला जाईल आणि सुरुवातीचं पुसून येईल.

काही डबे याच्या उलट शहाणपणा करतात. ते आतली डिस्क बाहेर ४०९६ बाइटच्या सेक्टरची म्हणून दाखवतात, म्हणजे एमबीआरवरही मोठी डिस्क चालते. डबा मेला आणि डिस्क काढून थेट साटा केबलला लावली की पार्टिशन गायब! डेटा जागच्या जागी असतो, फक्त पट्टी बदललेली असते. घाबरून फॉरमॅट करण्याआधी तसाच दुसरा डबा मिळतो का ते बघा.

एमडीएडीएमची, म्हणजे लिनक्सची सॉफ्टवेअर रेड जुनी असेल तर तिचा मेटाडेटा ०.९० आहे का तेही बघून घ्या. त्यात मोठ्या डिस्क बसत नाहीत. १.२ असेल तर प्रश्न नाही.

जागा आहे, तरी जागा नाही

आता खरा त्रासदायक प्रकार. कारण वरचे चोर निदान डिस्क लावताना किंवा वाढवतानाच भेटतात, हा वर्षभराने भेटतो.

मोकळी जागा दाखवणारं डीएफ डॅश एच म्हणतं, दोन तृतीयांश डिस्क मोकळी. फाइल लिहायला गेलं की सिस्टिम म्हणते, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. अशा वेळी डीएफ डॅश आय द्या. शंभर टक्के दिसलं की समजा, आयनोड संपले. प्रत्येक फाइलला एक आयनोड, म्हणजे तिची नोंद ठेवणारा कप्पा, लागतो आणि ईएक्सटी४ मध्ये त्यांचं प्रमाण फॉरमॅटच्या क्षणी ठरतं, ते नंतर बदलता येत नाही.

मोठ्या डिस्कवर हे का घडतं? कारण एमकेई२एफएस डिस्कचा आकार बघून स्वतःच काटकसर करतो. नेहमी दर १६ केबीला एक आयनोड. ४ टेबिबाइटच्या वर दर ३२ केबीला एक, १६ च्या वर दर ६४ केबीला एक. त्या १८ टीबीच्या डिस्कवर आयनोड किती? ब्लॉकच्या संख्येला १६ ने भागा: साधारण २७ कोटी ४६ लाख. व्हिडिओला रग्गड झाले. पण स्कॅन केलेली पानं, थंबनेल, मेलडिर (दर मेलची वेगळी फाइल), नकाशाचे तुकडे असा माल असेल आणि फाइलचा सरासरी आकार २० केबी असेल, तर साडेपाच टीबी भरताच खेळ खलास. उरलेले साडेबारा टीबी नुसते बघायला.

व्हॉल्यूम वाढवून आयनोड वाढतात, पण त्याच प्रमाणात. प्रमाण सुटत नाही. तात्पुरता उपाय म्हणजे जुन्या छोट्या फाइली टार करून एकेका गठ्ठ्यात बांधा, लाखो आयनोड लगेच सुटतात. कायमचा उपाय म्हणजे नवी फाइलसिस्टिम, आणि फॉरमॅट करताना डॅश आय १६३८४ असं स्पष्ट सांगणं. किंमत मोजावी लागते: २५६ बाइटचा एक आयनोड, दर १६ केबीला एक, म्हणजे डिस्कचा दीड टक्का. १८ टीबीवर २८१ जीबी. आणि इथेही ३२ बिटांची छत आहे: ईएक्सटी४ मध्ये एकूण आयनोड २ च्या ३२ व्या घातापुढे जात नाहीत. दर १६ केबीला एक धरलं तर ६४ टेबिबाइटच्या डिस्कवर हिशेब थेट त्या छतालाच टेकतो.

म्हणून १६ टेबिबाइटच्या वर मी स्वतः एक्सएफएस करतो. ती आयनोड लागतील तसे बनवते. रेड हॅटनेही २०१४ मध्ये आरएचईएल ७ पासून तीच मूळ फाइलसिस्टिम केली. दोन गोष्टी मात्र आधीच सांगतो. एक, एक्सएफएस लहान करता येत नाही असंच धरून चाला. त्यामुळे एलव्हीएमवर करा आणि सगळी जागा पहिल्याच दिवशी देऊन टाकू नका. दोन, ३.७ च्या आधीच्या कर्नलवर ती आयनोड डिस्कच्या सुरुवातीच्या टेबिबाइटमध्येच ठेवत असे, तेवढा पट्टा भरला की परत तेच, जागा असून जागा नाही. तिथे आयनोड६४ हा माउंटचा पर्याय द्यावा लागतो. तो दिल्यावर एखादा जुना ३२ बिटांचा प्रोग्रॅम 'मूल्य फार मोठं' अशी तक्रार करू लागला तर दोष प्रोग्रॅमचा, त्याला नवीन आयनोड नंबर वाचता येत नाही.

घ्यायच्या आधी घरी करून बघा

मोठी डिस्क नसतानाही हे सगळं तपासता येतं. ट्रंकेट या कमांडने २० टीचा आकार देऊन पोकळ फाइल बनवा, ती प्रत्यक्षात जागा खात नाही. तिच्यावरच फॉरमॅट, माउंट, वाढवणं सगळं करून बघा. एखाद-दोन जीबी खरे खर्च होतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा ट्रंकेटच फेल झालं, फाइल फार मोठी म्हणे. दोन मिनिटं डोकं खाजवलं. माझा लॅपटॉप ईएक्सटी४ वर, आणि ईएक्सटी४ मध्ये एका फाइलची कमाल लांबी पुन्हा १६ टेबिबाइट! फाइलसिस्टिम एक्झबिबाइटची होऊ शकते, पण तिच्यातली एक फाइल सोळाच्या पुढे नाही. एक्सएफएसच्या पार्टिशनवर तीच कमांड गुपचूप चालली. व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणून एकच अजस्र फाइल ठेवणाऱ्यांनी हे टिपून घ्यावं.

अजून दोन बारीक गोष्टी, ज्यांच्यासाठी फोन येतात पण बिघाड नसतो. ईएक्सटी४ फॉरमॅट झटकन होते आणि मग डिस्कचा दिवा तासन्‌तास लुकलुकत राहतो. आयनोडची टेबलं ती मागाहून सावकाश पुसत असते. होऊ द्या. आणि नव्या डिस्कवर ९०० जीबी कमी दिसतात ते रूटसाठी (अ‍ॅडमिनसाठी) राखलेले पाच टक्के. नुसत्या डेटाच्या डिस्कवर एवढ्याची गरज नसते, ट्यून२एफएसला डॅश एम १ द्या, एक टक्का राखीव राहतो, बाकीचे चालू असतानाच परत मिळतात.

तपासणीच्या मेमरीचं मात्र खरंच बघा. एक जीबी रॅमच्या बॉक्समध्ये मोठी ईएक्सटी४ बनते, चालते, पण एखाद्या दिवशी ई२एफएससीके लागला की मेमरी पुरत नाही आणि तो अर्ध्यात पडतो. तेव्हा डिस्क मोठ्या मशीनला लावा, किंवा ई२एफएससीकेच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्क्रॅच फाइल्सची जागा दुसऱ्या डिस्कवर द्या. सावकाश होतं, पण पुरं होतं.

स्टुडिओची डिस्क सध्या त्या डेस्कटॉपमध्ये आहे, एक्सएफएस करून. मुलाने तिच्या लेबलवर स्केचपेनने लिहून ठेवलंय: 'जुन्या बॉक्समध्ये लावू नये, चालत नाही, डिस्क चांगली आहे.'